रात्रभराची मैफल आणि तिचा श्रोता



संगीताचा इतिहास म्हणून जें कांहीं आपण वाचतों, तो बहुधा गवयांचा इतिहास असतो. अमक्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, अमक्या संस्थानिकानें कोणास आश्रय दिला, ही वंशावळ आपणांस तोंडपाठ असते. परंतु ज्याच्यासमोर हें सारें गायिलें गेलें, तो श्रोता या वंशावळींत कोठेंच आढळत नाहीं. आज त्याच्याविषयीं चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे. कारण जें संगीत कागदावर लिहून ठेवलेलें नसतें, त्या त्या रात्रीं नव्यानें घडतें, त्यांत श्रोत्याचाही वांटा असतो.

या श्रोत्याचें गांव म्हणून आपण उंबरमाळी घेऊं. ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत, खर्डी आणि कसारा या स्थानकांच्या मध्यें, थळ घाटाच्या पायथ्याशीं हें गांव आहे. १८६५ सालीं आगगाडी घाट चढून इगतपुरीस पोंचली, आणि हा डोंगराळ मुलूख एका अंगास मुंबईशीं व दुसऱ्या अंगास नाशिकशीं जोडला गेला. त्याच्या उत्तरेस, मोखाडा-जव्हारच्या डोंगरांत, वारली लोकांचा तारपा वाजतो. सुकलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचें हें वाद्य. पीक हातीं आल्यावर रात्रीं वादक मध्यें उभा राहतो, बायापुरुष एकमेकांस धरून त्याच्याभोंवतीं फिरतात. तो चाल बदलतो तशीं त्यांचीं पावलें बदलतात. येथें मांडव नाहीं, तिकीट नाहीं. ऐकणारा आणि नाचणारा एकच. सामुदायिक संगीताचें हें आद्य रूप म्हणावयास हरकत नाहीं.

शहरांतील गोष्ट निराळी. तेथें उत्तम गाणें बहुतांशीं राजवाड्यांत, सरदारांच्या वाड्यांत किंवा नायकिणींच्या बैठकींत कोंडलेलें होतें. तें बाहेर आणण्याचे पहिले संघटित प्रयत्न मुंबई-पुण्यांत झाले. १८७० सालीं मुंबईस पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली, १८७४ सालीं पुण्यास गायन समाज स्थापन झाला. पुढें सार्वजनिक गणेशोत्सवानें गाणें चाळीच्या चौकांत आणि रस्त्यावर आणलें. ज्या कारकुनास वाड्याची पायरी चढतां आली नसती, तो आतां थोर गवयाचें गाणें फुकट ऐकूं लागला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ग्रामोफोन आला आणि २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरूं झालें. या दोन यंत्रांचे उपकार थोर आहेत. ज्या माध्यमांतून मी आपणांशीं बोलत आहें, त्याची निंदा मी कशी करूं? परंतु जुन्या तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची, आणि नभोवाणीचा कार्यक्रम घड्याळाच्या कांट्यावर बसविलेला. गवयानें सागर घागरींत भरावयास शिकून घेतलें. श्रोत्यास मात्र घागर म्हणजेच सागर वाटूं लागण्याचा धोका उत्पन्न झाला.

त्या धोक्यावर उतारा म्हणजे रात्रभराची मैफल. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं निवर्तले. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत ते विसांवले आहेत, आणि तेथें त्यांच्या स्मरणार्थ गवई आपली सेवा रुजूं करतात. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, अर्थात् सवाई गंधर्व, १९५२ सालीं वारले. दुसऱ्याच वर्षीं त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनीं पुण्यास त्यांच्या पुण्यस्मरणाचा संगीतोत्सव आरंभिला. पुढें रमणबागेच्या पटांगणावर या उत्सवास जी गर्दी लोटूं लागली, तींत श्रोत्याचा खरा स्वभाव पाहावयास मिळे. मार्गशीर्षाची थंडी, अंगावर शाल, कानांवर मफलर, खालीं सतरंजी. मध्यरात्रीं चहाच्या पेल्याभोंवतीं घराण्यांचे वाद. कोणी सोलापूरचा, कोणी धारवाडचा. परंतु गवयानें समेवर येतांच शेजारच्या अनोळखी माणसाकडे पाहून मान डोलवावी, एवढीच ओळख पुरे. भीमसेनांचें गाणें बहुधा अखेरीस असे. आणि शेवटीं सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका वाजे, तेव्हां सर्व सभा निःस्तब्ध होई.

अशा मैफलींत श्रोता करतो काय? विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचें वर्तुळ ठरलेलें आहे. रागाचे नियम ठरलेले आहेत. त्यांत भरावयाचा मजकूर मात्र ठरलेला नाहीं. गवई एखादी स्वरसंगति जरा चांचपून पाहतो. समोरून दाद आली, कीं ती तो फुलवितो. समोर जांभया दिसल्या, कीं पुढें सरकतो. म्हणून काल ऐकलेला मालकंस आज पुन्हां मिळत नाहीं, आणि म्हणूनच रसिक पुन्हां जातो.

हा स्वभाव केवळ आपला नव्हे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजाचें ब्लूज हें संगीतही बहुधा बारा मापांच्या ठरलेल्या चक्रांतच नवें बोलतें. १९६५ सालीं कॅलिफोर्नियांत निघालेल्या ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाचे चाहते गांवोगांव त्याच्या मागें फिरत, कारण तेंच गीत दररोज निराळें वाजे. आपल्या हौशी रसिकांनीं खाजगी बैठकी फितींवर टिपून ठेवल्या, तशाच तेही टिपीत. १९८४ पासून त्या वाद्यवृंदानें अशा श्रोत्यांस सभागृहांत निराळी जागाच दिली. २०११ सालीं वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओंत ब्लूजचा उत्सव सुरूं झाला आणि शिकागोचे बडी गाय तेथें वाजवून गेले. एकतालावर पोसलेल्या कानांना त्यांचें चक्र ओळखावयास फार वेळ लागूं नये.

आतां एका अडचणीच्या गोष्टीकडे वळतों. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत उघड्या जागीं ध्वनिवर्धकास बंदी केली. वर्षांतून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा सरकारास आहे. रुग्ण, बालकें आणि परीक्षेचे विद्यार्थी यांची झोंप मोलाची आहे, हें कोणीही सुज्ञ नाकारणार नाहीं. परंतु त्याबरोबर संगीताचे कांहीं प्रहरच उत्सवांतून गेले. दरबारी कानडा आणि मालकंस यांना त्यांची उत्तररात्र मिळेनाशी झाली. रात्रभर जागून मग पहाटेचा ललत ऐकण्यांत जी धन्यता होती, ती नव्या पिढीस केवळ ऐकीव राहिली.

उंबरमाळीच्या श्रोत्यावर याचा परिणाम आणखी एका रीतीनें होतो. मुंबईची मैफल रात्रीं उशिरां संपली, तर त्याचें अर्धें लक्ष कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलकडे लागलेलें. द्रुत लय रंगांत येते न येते तोंच त्यास उठावें लागतें. रात्रभराच्या मैफलीनें ही चिंताच मिटविली होती: भैरवी संपावी आणि पहाटेच्या गाडीनें घर गांठावें. लांबची मैफल दूरच्या माणसास सोईची होती, ही गोष्ट शहरवासीयांच्या सहसा ध्यानीं येत नाहीं.

उपाय नियमांतच आहे. बंदिस्त सभागृहास ती रात्रीची बंदी नाहीं. आणि पन्नास माणसांच्या बैठकीस ध्वनिवर्धक लागतोच कशाला? अब्दुल करीम खाँसाहेबांची पिढी त्यावांचूनच वाढली. ज्यांच्या घरीं ऐसपैस दिवाणखाना आहे, ज्यांच्या संस्थेचें सभागृह रात्रीं रिकामें पडतें, त्यांनीं वर्षांतून एक रात्र तंबोऱ्यास द्यावी, आणि पहाटेची पहिली गाडी सुटेपर्यंत दार उघडें ठेवावें. गवई गावयास तयार आहेत. जागावयाचें कोणीं, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर श्रोत्यानेंच द्यावयाचें आहे.