कावेरी खोऱ्यातील वायूविहिरी आणि परिसरातील आरोग्य
चेन्नई : तंजावर जिल्ह्यातील कदिरामंगलम येथे ३० जून २०१७ रोजी ओएनजीसीच्या तेलवाहिनीला गळती लागली आणि ग्रामस्थ रस्त्यावर उतरले. पुदुकोट्टई जिल्ह्यातील नेडुवासल येथेही त्याच वर्षी हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध आंदोलन झाले. तमिळनाडू विधानसभेने २० फेब्रुवारी २०२० रोजी संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा संमत करून त्रिभुज प्रदेशात नव्या तेल-वायू उत्खननास मनाई केली. आधीपासून सुरू असलेल्या विहिरींना मात्र ती लागू नाही.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेला मिथेन स्फोटक असला तरी विषारी नाही. धोका संभवतो तो त्याच्याबरोबर बाहेर पडू शकणाऱ्या कर्करोगकारक बेंझिनचा व हायड्रोजन सल्फाइडचा, जळत्या वायूच्या व डिझेल यंत्रांच्या धुराचा आणि भूजलात मिसळू शकणाऱ्या खारट सांडपाण्याचा.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात २००४ ते २०१३ या काळातील ११ लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास झाला. विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांच्या बाळांमध्ये जन्मतः वजन कमी असण्याची शक्यता सुमारे २५ टक्के अधिक आढळली. तीन किलोमीटरपलीकडे परिणाम दिसला नाही. अर्थात तेथील उत्खनन शेल खडक फोडून होणारे आहे. कावेरी खोऱ्यातील विहिरी प्रामुख्याने पारंपरिक पद्धतीच्या असल्याने तो आकडा येथे जसाच्या तसा लावता येत नाही.