जाहिरात टाळण्याची कुळकथा

जाहिराती अडवणारं ॲडब्लॉकर आणि जाहिरातमुक्त वर्गणी एकमेकांचे शत्रू समजले जातात. पण दोघांचं मूळ घर एकच: शिकागोची टीव्ही-संच बनवणारी झेनिथ कंपनी. तिचे प्रमुख यूजीन मॅकडोनाल्ड यांना जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. प्रेक्षकाने पैसे मोजावेत आणि निवांत पाहावं, असं त्यांचं ठाम मत.

१९५१ साली त्यांनी शिकागोतल्या तीनशे घरांत ‘फोनव्हिजन’चा प्रयोग केला. सिनेमाचं चित्र मुद्दाम विस्कटून प्रक्षेपित होई. प्रेक्षकाने फोन करून मागणी नोंदवली, की चित्र जुळवणारा संकेत टेलिफोनच्या तारेतून घरी येई. एका सिनेमाचा एक डॉलर टेलिफोनच्या बिलात लागे. त्यातून मोठा धंदा उभा राहिला नाही, पण आजच्या वर्गणीचं बीज त्यात होतं.

चारच वर्षांनी, १९५५मध्ये, याच कंपनीच्या यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ हा रिमोट बनवला. पिस्तुलासारख्या आकाराचा हा टॉर्च पडद्याच्या चार कोपऱ्यांतल्या प्रकाशसंवेदी घटांवर रोखायचा. त्यातला एक कोपरा आवाज बंद करी. कटकटीच्या जाहिरातींची बोलती बंद करा, असं सांगूनच कंपनीने तो विकला. खिडकीतून ऊन पडलं तरी संच आपोआप चाले, ही त्याची खोड. पण नकार देण्याची सोय प्रेक्षकाच्या हाती आली, ती कायमची.

वेबवर पहिल्या मोठ्या बॅनर जाहिराती ‘हॉटवायर्ड’ने २७ ऑक्टोबर १९९४ रोजी लावल्या. दोनच वर्षांत त्या गाळणारं ‘इंटरनेट फास्ट फॉरवर्ड’ निघालं. २००२मध्ये हेन्रिक ओस्टेड सोरेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याने ‘ॲडब्लॉक’ लिहिलं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत जाहिरातीचं चित्र उतरायचंच, फक्त दिसायचं नाही. पुढच्या पिढीच्या ॲडब्लॉकरांनी मुळावरच घाव घातला: जाहिरातींच्या पत्त्यांची यादी ठेवायची आणि त्या पत्त्यावर ब्राउझरला जाऊच द्यायचं नाही. या याद्या आजही बऱ्याच अंशी स्वयंसेवक सांभाळतात. २०१८मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ‘ॲडब्लॉक प्लस’ कायदेशीर ठरवलं.

हा नकार यूट्यूबनेही ओळखला. २०१०मध्ये पाच सेकंदांनी जाहिरात वगळण्याची सोय आली. न वगळता पुरेशी पाहिली गेली, तरच जाहिरातदाराला पैसे लागत. २०१५मध्ये अमेरिकेत जाहिरातमुक्त वर्गणी आली, २०१९मध्ये ती ‘प्रीमियम’ नावाने भारतात पोचली. या वर्गणीतला वाटा निर्मात्यांनाही मिळतो. २०२३मध्ये मात्र ॲडब्लॉकर वापरणाऱ्यांसाठी व्हिडिओ रोखायला यूट्यूबने जगभर सुरुवात केली.

त्याआधीच, २०२२मध्ये, नेटफ्लिक्सने जाहिरातींसह नवी स्वस्त वर्गणी आणली होती. पैसे भरले म्हणजे जाहिरात सुटली, ही खात्री तेव्हाच संपली. म्हणून ॲडब्लॉकर हवंच. प्रेक्षकाला नाही म्हणता येतं, हा धाक असेल तरच वर्गणीचा सौदा सचोटीचा राहतो. पण व्हिडिओ बनवायला कष्ट पडतात, हेही खरं. ज्यांचं काम आपण रोज पाहतो, त्यांच्यासाठी खुशाल पैसे मोजा. आणि जाहिरातमुक्त म्हणून पैसे घेऊन कुणी पुन्हा जाहिरात दाखवली, तर त्याच दिवशी वर्गणी बंद करा.