सोंग, ढोंग आणि मुखवटा

मराठी समीक्षेत ‘मुखवटा’ ही संज्ञा बहुधा एकाच अर्थाने योजली जाते : खरा चेहरा झाकणारे खोटे आवरण. या अर्थावर इंग्रजी शब्दांच्या इतिहासाची दाट छाया आहे.

‘पर्सन’ हा शब्द लॅटिन ‘पर्सोना’पासून आला. पर्सोना म्हणजे नटाचा मुखवटा. पुढे भूमिका आणि त्यानंतर कायद्याने मान्य केलेला माणूस. लॅटिन ‘लार्वा’ पिशाच्च आणि मुखवटा या दोहोंचा वाचक होता. अठराव्या शतकात लिनिअसने तो कीटकाच्या अळीला लावला, कारण प्रौढ कीटकाचे रूप तिच्यात झाकलेले असते. ग्रीक ‘हुपोक्रितेस’ म्हणजे नट. शुभवर्तमानांत तो दांभिकाचा वाचक झाला आणि इंग्रजी ‘हिपोक्रिट’मध्ये हा नैतिक अर्थच शिल्लक राहिला. अशा रीतीने रंगभूमीचा शब्द निंदेचा शब्द झाला.

मराठी बायबलात या ग्रीक शब्दासाठी ‘ढोंगी’ हा शब्द रूढ झाला. तो समर्पक आहे. मात्र त्यात नट कोठेच नाही. अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये कार्य आरंभिले, तेव्हा नटाच्या रूपधारणेसाठी लोकभाषेत ‘सोंग’ हा वेगळा शब्द नांदत होता. ‘आजाराचे सोंग’ असा प्रयोग होतो हे खरे. तथापि सोंग निखळ निंदावाचक झाले नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण सोंगाला दोष देत नाही. ती त्याची मर्यादा सांगते.

याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील बोहाड्यात मुखवटा चढवून नाचणाऱ्या पात्रालाच सोंग म्हणतात. मुखवट्याखाली कोण आहे, हे गाव जाणून असते; त्यामुळे येथे फसवणुकीचा प्रश्नच उद्भवत नाही. देवतेचे दर्शन घडावे म्हणून चेहरा झाकला जातो. घरोघरी मांडले जाणारे गौरीचे मुखवटेही काही लपवीत नाहीत. ते गौरीला चेहरा देतात.

नेवाशाचे मोहिनीराज मंदिर विष्णूच्या मोहिनीरूपाचे आहे. समुद्रमंथनाच्या कथेत मोहिनी वेषांतर करते आणि देवांच्या पंक्तीत बसणारा राहूही वेषांतर करतो. राहुरीचे नाव लोकपरंपरा त्याच्याशी जोडते. दोघेही फसवितात, एकाची पूजा होते, दुसऱ्याचा शिरच्छेद. अर्थात कथा वेषांतराला दोषी ठरवीत नाही. ती त्याचा हेतू तपासते.

ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये याच नेवाशात गीतेवर भाष्य केले. गीतेच्या सातव्या अध्यायात ‘व्यक्ति’ म्हणजे प्रकट रूप. आज तोच शब्द ‘पर्सन’चा पर्याय आहे. एका परंपरेत माणसाचे नाव मुखवट्यापासून निघाले, तर दुसरीत प्रकट होण्यापासून. पर्याय जुळले, तरी त्यांच्या तळाशी असलेल्या कल्पना जुळत नाहीत.

हा भेद विसरल्यास एकनाथांच्या भारुडांचे वाचन चुकते. जोशी, वासुदेव, गोंधळी या सोंगांआडचा ‘खरा’ कवी शोधण्याचा प्रघात उसन्या संज्ञेतून येतो. सोंगामुळे काय दिसू लागले, हा प्रश्न त्या रचनेला अधिक न्याय देणारा आहे.