जुनी मोटार किती दामटावी?

जुन्या वस्तूविषयीं आदर दोन प्रकारांनीं व्यक्त होतो. कोणी ती कांचेच्या कपाटांत ठेवतो, तर कोणी ती हातीं धरून वापरतो. मोटारगाडी नवलाईची होती तोंवर हा प्रश्न तिला लागू नव्हता. परंतु आतां तिलाही सव्वाशेंहून अधिक वर्षांचा इतिहास झाला आहे, आणि इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांत जुन्या मोटारींच्या खऱ्याखुऱ्या शर्यती भरतात. या शर्यतींत गाडी किती जोरानें दामटावी, याविषयीं शौकिनांत तीव्र मतभेद आहे. एक पक्ष म्हणतो, गाडी धांवण्याकरितांच जन्मली. तिला जपून हांकणें म्हणजे गवयास कुजबुजावयास सांगणें होय. दुसरा म्हणतो, जी वस्तु पुन्हां निर्माण होणार नाहीं, ती घटकाभराच्या करमणुकीसाठीं पणास लावण्याचा अधिकार कोणासही नाहीं. आमच्या मतें या वादाचा निवाडा करण्यास महाराष्ट्राच्याच इतिहासांतील एक प्रसंग उपयोगी पडेल.

तो प्रसंग १९०८ सालचा. त्या वर्षीं ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेनें मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची कसोटी ठेविली होती. एकंदर प्रवास ६२० मैलांचा, म्हणजे सुमारें हजार किलोमीटरांचा. आणि वाटेंत सहा घाट. या कसोटींत रोल्स-रॉइस कंपनीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नांवाची गाडी यशस्वी ठरली, व पुढें ती ग्वाल्हेरच्या महाराजांनीं विकत घेतली. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तिची कीर्ति वेगामुळें झाली नाहीं. सहा घाट ओलांडून ती वाटेंत कोठेंही बंद पडली नाहीं, यामुळें झाली. आदल्याच वर्षीं, म्हणजे १९०७ सालीं, याच जातीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडीनें ब्रिटनमध्यें सक्तीचा एकही थांबा न घेतां १४,३७१ मैल काटले होते. त्या काळच्या गिऱ्हाइकास गाडी किती पळते याहून ती घरीं परत आणते कीं नाहीं, याची चिंता अधिक असे. कारण घाटांत अडलेल्या मोटारीस शेवटीं बैलांचाच आधार होता.

बैलांचा उल्लेख सहज आला. पण तो विषयास सोडून नाहीं. आमच्या अड्याळ-पवनीकडील मुलखांत शंकरपट ठाऊक नाहीं असें घर सांपडणें कठीण. पटांत बैलजोडी किती दामटावी, हा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ च्या मे महिन्यांतील निकालानें या शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्यें त्या अटींवर पुन्हां सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें त्यांस परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. तेथें मर्यादा घालते ती जनावराची वेदना. मोटारीस वेदना नाहीं, म्हणून तिला मर्यादाही नाहीं, असें मात्र नव्हे. दमलेला बैल गोठ्यांत विसांवला कीं त्याची शक्ति बरीचशी परत येते. पोलादास विसांव्यानें कांहींच परत मिळत नाहीं. वारंवार पडणाऱ्या ताणानें आंसांत व दांड्यांत केंसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या बाहेरून दिसत नाहींत, आणि प्रत्येक हिसक्यागणिक वाढत जातात. बैल धापा टाकून आपली स्थिति कळवितो. धातूची स्थिति कळते ती बहुधा तो मोडल्यावरच. त्यांतून त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांस ब्रेकही नसत.

यावर शर्यतीचे अभिमानी म्हणतात कीं, मोडेल तो भाग आम्ही नवा घडवूं. मेख आहे ती येथेंच. नव्या पोलादाचे भाग व नव्या रबराचे टायर घातले, कीं ती गाडी आपल्या तारुण्यांत कधीं धांवली नसेल इतक्या वेगानें धांवूं लागते. मग प्रेक्षक पाहतो तो इतिहास कीं इतिहासाचा पोशाख? अस्सल कागदाचें मोल इतिहासाचार्य राजवाड्यांनीं महाराष्ट्रास शिकविलें. नक्कल वाटेल तशी हाताळावी, अस्सल मात्र जपून उलगडावें, हा दफ्तरांतील नियम मोटारीसही लागू आहे. ज्यांस ईर्षेनें झुंजावयाचें आहे त्यांनीं हुबेहूब प्रतिकृति घडवून खुशाल झुंजावें.

परंतु अस्सल कागद कधींच न उलगडणें हेंही जतन नव्हे. उभ्या गाडींत रबर ताठरतें, पेट्रोल नासतें, आंतून गंज चढतो. त्याहून मोठी हानि मनुष्याच्या विद्येची. ठिणगीची वेळ हातानें मागें-पुढें करणें, दुहेरी क्लच दाबून गिअर जुळविणें, चढावर यंत्राचा आवाज ओळखणें, या गोष्टी पुस्तकांत वाचून अंगवळणीं पडत नाहींत.

परदेशांतही दोन्ही बाजूंचे धडे आहेत. इटलींतील ‘मिल्ले मिलिया’ ही शर्यत १९२७ पासून सार्वजनिक रस्त्यांवर होत असे. १९५७ सालीं टायर फुटून एक गाडी कडेच्या लोकांत घुसली. तींतील दोघे व नऊ प्रेक्षक मृत्यु पावले, त्यांत मुलेंही होतीं. शर्यत बंद झाली. १९७७ सालीं ती पुन्हां उभी राहिली, ती सर्वांआधीं पोंचण्यासाठीं नव्हे, तर ठरलेल्या वेळीं ठरल्या ठिकाणीं पोंचण्यासाठीं. लंडन-ब्रायटन फेरींत १९०५ पूर्वींच्या गाड्या धांवतात, आणि तासीं वीस मैलांहून अधिक सरासरी राखण्यास तेथें मनाई आहे. तरीही रस्त्याच्या दुतर्फा लोटणारी गर्दी कमी झालेली नाहीं.

आपल्याकडे दिल्लीस १९६४ सालीं स्टेट्समन वृत्तपत्रानें जुन्या मोटारींची फेरी सुरू केली, आणि मुंबईकडेही अशा फेऱ्या निघतात. त्यांत वेगाचा धोका नाहीं. पण पुष्कळदां कसोटीही नसते. झिलई पाहून लोक घरीं जातात. आम्हांस वाटतें, येथील शौकिनांनीं १९०८ ची कसोटी जुन्याच नियमानें पुन्हां भरवावी. घाटांत गाडीला तिचा सारा दम काढूं द्यावा. मात्र दुसऱ्या गाडीस मागें टाकण्यास बक्षीस नसावें. जी सहाही घाट ओलांडून आपल्याच चाकांवर घरीं परत येईल, तीच विजयी समजावी.