घोड्यांचा वाडा आणि माडीवरची माणसं

आज आपण इंग्लंडात, डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थला जाणार आहोत. पण ड्यूक ऑफ डेव्हनशायरचं ते प्रसिद्ध घर पाहायला नाही. त्याच्या ईशान्येला चढावर एक चौसोपी दगडी इमारत आहे. मधोमध प्रशस्त चौक, दर्शनी बाजूला कमान, तिच्यावर घड्याळाचा मनोरा. नवखा माणूस हेच घर समजला तर त्याला हसू नये. हा तबेला आहे.

आधीचे तबेले घराला लागूनच होते आणि नदीकडचं दृश्य अडवत होते. १७५० च्या दशकात चौथ्या ड्यूकने सगळं आवार नव्याने मांडायला घेतलं. बागेसाठी लान्सलॉट ब्राउन आला, इमारतींसाठी जेम्स पेन. जुने तबेले पाडले आणि नवे, १७५८ च्या सुमारास, असे उंचावर बांधायला घेतले. आता गंमत बघा. घरातून दिसणारा तबेला नको म्हणून हलवला, आणि हलवला तो अशा जागी की येणाऱ्या पाहुण्याच्या नजरेत भरावा!

याचं कारण समजायला अवघड नाही. लंडन इथून सुमारे दीडशे मैल. घोडे नाहीत तर ड्यूक डर्बीशायरातच अडकला. आपल्याकडे 'पागा' हा शब्द घोड्यांच्या जागेलाही लावतात आणि सरकारी घोडदळालाही. जागा आणि ताकद एकाच शब्दात. पेनने तेच दगडात सांगितलं, असं आम्हाला वाटतं. खाली ८० घोड्यांची ठाणी, शिवाय नाल ठोकायला लोहारशाळा.

आणि माणसं? ती वर. माडीवर धान्याची कोठारं आणि त्यांच्याच शेजारी मोतद्दार, गाडीवान वगैरेंच्या राहायच्या खोल्या. म्हणजे दाणा आणि माणूस एका मजल्यावर. खालचा घोड्यांचा वास, रात्री टापा आपटल्याचे आवाज, सगळं या खोल्यांच्या पायाशी. वास्तुकलेच्या पुस्तकांत कमानीचं वर्णन भरभरून येतं. या खोल्या एका ओळीत उरकतात.

त्यातल्या एका खोलीच्या दारावर रंगवलेली अक्षरं मागे राहिली: 'तिसरा पोस्टिलियन'. पोस्टिलियन म्हणजे गाडीच्या पुढे बसणारा सारथी नव्हे. गाडी ओढणाऱ्या जोडीतल्या डाव्या घोड्यावर स्वार होऊन ती हाकणारा. पाऊस असो, थंडी असो, आतले लोक काचेआड आणि हा बाहेर. दारावर त्याचं नाव नाही, क्रमांक आहे. एक गेला की दुसरा यायचा, पाटी तीच. पेनचं नाव आपल्याला ठाऊक आहे, ड्यूकचं तर आहेच. या खोलीत किती जण राहून गेले, हे त्या दाराला विचारून कळत नाही.

सहाव्या ड्यूकने १८३० च्या दशकात मागे गाड्यांसाठी वेगळी इमारत जोडली. पुढे मोटारी आल्या. १९३९ मध्ये शेवटचे घोडे गेले आणि तबेल्याचं कोठार नि गॅरेज झालं. आज तिथे उपाहारगृह आहे, दुकानं आहेत. चौकात बसून लोक निवांत चहा घेतात.

माडीवरच्या खोल्यांचे मात्र पुढे फ्लॅट केले, इस्टेटीच्या नोकरांसाठी आणि पेन्शनरांसाठी. घोडे गेले, तरी वर माणसं राहत होतीच.