वाकळ

शहरात तिला गोधडी म्हणतात, आमच्या आटपाडी-खानापूर भागात वाकळ. नाव कुठलंही घ्या, ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं फाटक्या कापडाचं गाठोडंच येतं. चिंध्या जोडल्या की झाली वाकळ, असं शिकलीसवरलेली माणसंही सहज बोलून जातात. मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. चाळीस-पंचेचाळीस वर्षं रानात खुरपं आणि घरात सुई धरली, तेवढ्याच अधिकारानं सांगते. कापड मिळेल ते घ्यावं लागायचं, हे खरं. पण कुठला तुकडा कुठं बसवायचा, कुठल्या रंगाशेजारी कुठला ठेवायचा, हे बाया ठरवून करायच्या. त्या ठरवण्यालाच आता डिझाइन म्हणतात. आमच्या आया-आज्यांनी ते जन्मभर केलं, आणि त्याचा हिशोब कुणी धरला नाही.

आधी मापाचं सांगते. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले, की एकेक दोन मीटरचा. दोन शेजारी-शेजारी जोडले की वाकळंचं वरचं अंग, उरलेले दोन जोडले की खालचं. एका लुगड्यात दोन्ही अंगं निघायची. पण लुगडं वाकळंत यायचं ते नेसून नेसून, बसायच्या जागी विरून गेल्यावर. त्या विरलेल्या जागी दुसऱ्या कापडाचं ठिगळ लागायचं, आणि नक्षी तिथनंच सुरू व्हायची. डावीकडं एक ठिगळ पडलं, तर तोल राहावा म्हणून उजवीकडंही एक लावायच्या, तिथं कापड धड असलं तरी. हे गरज नसलेलं ठिगळ मला फार मोलाचं वाटतं. ते फाटकं झाकायला नव्हतं, नुसतं डोळ्यासाठी होतं.

काम उन्हाळ्यात चालायचं, शाळूची मळणी उरकल्यावर. सोपा सारवून घ्यायचा, खालचं अंग अंथरायचं, चार कोपऱ्यांवर धोंडे ठेवायचे. त्यावर जुनी धोतरं, सदऱ्यांच्या पाठी, पंचे यांचा थर, आणि वर दुसरं अंग. मग चौघी चार बाजूंनी बसायच्या आणि धावदोरा घालत बाहेरनं आत, मध्याकडं सरकत जायच्या. आजी सुई शिकवायची ती रानातल्या बोलीत. "तास सरळ धर." "मधी पडीक ठेवू नगंस." शेवटी लुगड्याच्या काठाचा गोट लावायचा. गोट कच्चा राहिला तर वाकळ कडंनं उसवते, बांध फुटल्यावर माती वाहून जावी तशी. त्यामुळं गोटाचं काम घरातली सगळ्यात जाणती बाई करायची.

शेत आणि शिवण यांची ही सांगड फार जुनी आहे. आमच्या गावच्या विहारात भंतेजींनी एकदा विनयपिटकातली हकीकत सांगितली होती. भगवान बुद्धांनी मगधातली भातखाचरं पाहिली, चौकोनी तुकड्यांत वाटलेली, मधे लांब आणि आखूड बांध. त्यांनी आनंदाला विचारलं, भिक्खूंचं चीवर असं करता येईल का? आनंदानं तसा आराखडा केला, आणि बुद्धांनी त्याचं कौतुक केलं. आजही भिक्खूंचं चीवर तुकडे जोडूनच शिवतात, आणि त्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्या म्हणजे ते बांध. ऐकताना मला वाटलं, आनंदाचं नाव पोथीत राहिलं. माझ्या आजीनं जोंधळ्याच्या हिरव्यात करडईच्या पिवळ्या ओळी दिसतात तशा पट्ट्या वाकळंवर घातल्या, तिचं नाव कुठंच नाही.

गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, कारण ठिगळं जोडलेलं वस्त्र त्यांच्या अंगावर असायचं. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. गरिबाचं कापड त्यांनी मानानं पांघरलं. पण तिथंही मान मिळाला तो पांघरणाऱ्याला. शिवणारीकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

बायांची नजर किती बारीक होती, हे रंगांच्या नावावरनं कळतं. डाळिंबी, वांगी, आमसुली, कोनफळी, अबोली, मोरपंखी, शेवाळी, विटकरी, राखाडी, हळदी. ही सगळी परड्यातली, चुलीपाशची, ओढ्याकाठची नावं आहेत. लाल म्हणून कुणाचं भागत नव्हतं. डाळिंबी लाल की विटकरी लाल, हे आधी सांगावं लागायचं. डाळिंबीशेजारी शेवाळी ठेवला तर दोन्ही उठून दिसतात, हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते झाडावर बघितलं होतं.

आता काळाचं. आईची एक जाडजूड वाकळ धुताना फार जड व्हायला लागली, म्हणून मी ती उसवली. आत एकावर एक तीन वाकळा निघाल्या. जुनी फाटली की टाकून न देता तिच्यावरच नवं कापड चढवायची आमच्याकडं रीत होती. सगळ्यात आत इलकल लुगडं होतं, बागलकोटकडनं येणारं, आणि त्यात मांजरपाटाची ठिगळं. आई सांगायची, ती ठिगळं लढाईच्या काळातली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण आलं, कापड मोजून मिळायला लागलं. त्या थरावर ठिगळाला ठिगळ भिडलेलं होतं. तरीही चारी कोपऱ्यांत एकाच निळ्या कापडाचे चार त्रिकोण, मापात बसवलेले.

मधला थर मुंबईचा. आमच्या भागातनं घरटी एखादा गडी गिरणीत होता. चुलता सुट्टीला आला की पिशवीत कापडाचे तुकडे घेऊन यायचा, कोरे, रेघांचे, चौकटींचे. त्यामुळं या थरावर पहिल्यांदा नवं कापड दिसतं. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. बायामाणसं खडी फोडायला जायची, घरात मिलो शिजायचा, पोरांना सुकडी मिळायची. त्या साली आमच्या घरात नवी वाकळ झाली नाही, नुसती डागडुजी झाली. तिचे टाके लांब लांब पडलेत, हात दमलेले असणार. पुढं १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी गावाकडं परतले ते कायमचे. चुलताही परतला. पिशवी यायची थांबली.

सगळ्यात वरचा थर फुलाफुलांच्या सहावारी साडीचा, टेरिकॉटसारख्या गुळगुळीत कापडाचा. सहावारी म्हणजे साडेपाच मीटर, दोन्ही अंगं एका साडीत निघत नाहीत. सुई त्यात घसरते, ते घाम पीत नाही. आणि मोठी अडचण म्हणजे ते विरतच नाही. सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ व्हायचं, म्हणून त्याची वाकळ अंगाला लागायची नाही. नवं कापड वर्षानुवर्षं तसंच कडक राहतं. त्यातच लग्नात सोलापुरी चादरी यायला लागल्या, बाजारात स्वस्त ब्लँकेट आली, आणि बायांनी सुया ठेवून दिल्या.

त्या वाकळंबद्दल आणखी एक सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रात १९९४ साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा हक्क मिळाला. देशभर तो २००५ साली आला. कागदावर आला, पण गावोगाव बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. मीही केली. भावांशी येणं-जाणं राहावं, एवढाच त्यामागं विचार. माहेरच्या सहा एकरांतलं माझ्याकडं काय आलं, तर ही वाकळ. आईनं तिच्यावर घरामागचं रान जसंच्या तसं घातलंय. काळी पट्टी म्हणजे ओढ्याकाठची जमीन, विटकरी म्हणजे मुरमाड माळ, मधे हिरवा तुकडा म्हणजे विहिरीखालचं बागायत. सातबाऱ्यावर आईचं नाव कधी लागलं नाही, पण त्या रानाचा कण न् कण तिला ठाऊक होता.

आता दिवस पालटलेत. टेंभूचं पाणी आलं, माळावर डाळिंबं उभी राहिली, आणि वाकळंला शहरातनं मागणी यायला लागली. आमच्या बचत गटात नऊ जणी आहोत. गिऱ्हाईक नवं सुती कापड पाठवतं, कधी मोबाइलवर नमुनाही पाठवतं. मशीनवर तुकडे जोडतो, टाके हातानंच घालतो. पण पोरींनी पाठवलेला नमुना तसाच उतरवायचं बंद केलंय. एकीनं पाण्याची पाळी देताना भिजलेले आणि कोरडे वाफे दिसतात ते दोन राखाडी रंगांत मांडले. एकीनं एसटी स्टँडवरच्या भिंतीचा उडालेला रंग घेतला, पिवळ्याखालनं निळा डोकावणारा. दोन्ही वाकळा हातोहात गेल्या.

पैशाचा विषय निघाला तेव्हा गिऱ्हाइकानं टाक्यांचा हिशोब केला, दिवस किती लागले ते विचारलं. मी म्हटलं, "ताई, सुईची मजुरी झाली, नजरेची कुठं धरली?" ती बाई चांगली होती, विचारात पडली. घासाघीस झाली. आता दोन गोष्टी ठरल्यात. नमुना आमचा असेल तर त्याचे पैसे वेगळे, आणि गोट लावून झाला की आतल्या बाजूला, कोपऱ्यात, शिवणारीनं आपलं नाव टाक्यांनी घालायचं. पहिल्या खेपेला दोघी लाजल्या. एकीनं नुसतं आद्याक्षर घातलं. गेल्या महिन्यात तिनंच पूर्ण नाव घातलं, गावासकट, डाळिंबी दोऱ्यानं.