व्यसनाधीनांची मोजदाद

‘एकदां अफूबाज, तो जन्माचा अफूबाज’ ही समजूत फार जुनी आहे. ती केवळ अडाणी लोकांची होती असें नव्हे. १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील कित्येक डॉक्टरहि हेरॉइनच्या व्यसनाकडे याच दृष्टीनें पाहात असत. श्रोतेहो, या समजुतीला धक्का बसला तो एखाद्या नव्या औषधानें नव्हे, तर ली रॉबिन्स नांवाच्या एका विदुषीनें केलेल्या काळजीपूर्वक मोजदादीनें.

रॉबिन्सबाईंचा जन्म १९२२ सालीं न्यू ऑर्लीन्स येथें झाला. त्या डॉक्टर नव्हत्या; समाजशास्त्र हा त्यांचा विषय. सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत त्यांनीं प्रथम एका बाल-मार्गदर्शन चिकित्सालयाचीं जुनीं दप्तरें हातीं घेतलीं. तीस वर्षांपूर्वी तेथें आणलेल्या ५२४ मुलांचें पुढें काय झालें, याचा त्यांनीं शोध घेतला व १९६६ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठेपणीं समाजद्रोही बनलेल्या माणसांचें वर्तन बहुधा लहानपणींच बिघडलेलें असतें. मात्र बिघडलेलीं बहुतेक मुलें पुढें तशीं राहात नाहींत, हें त्यांचें अनुमान. मागें वळून पाहिलें म्हणजे सर्व अटळ वाटतें; पुढें चालत गेलें म्हणजे तसें दिसत नाहीं, हा धडा त्यांनीं येथेंच घेतला.

तो लवकरच उपयोगी पडला. व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांपैकीं शेंकडा १० ते १५ हेरॉइनच्या आहारीं गेले आहेत, अशी वार्ता १९७१ च्या मे महिन्यांत आली, आणि हे तरुण घरीं परतल्यावर काय होईल या चिंतेनें देश हादरला. अध्यक्ष निक्सन यांनीं डॉ. जेरोम जॅफी यांना या कामावर नेमलें, व जॅफींनीं पाहणीचा भार रॉबिन्सबाईंवर सोंपविला. सप्टेंबर १९७१ मध्यें परतलेल्या सुमारें ९०० सैनिकांना गांठून मुलाखती घेण्यांत आल्या. निवडलेल्यांपैकीं शेंकडा ९५ हून अधिक लोक सांपडले, हीच गोष्ट मोठी.

निष्पन्न काय झालें? व्हिएतनाममध्यें शेंकडा २० सैनिक खरोखरच व्यसनाधीन झाले होते. म्हणजे भीति खोटी नव्हती. परंतु परतल्यावर दहा महिन्यांत त्यांपैकीं शेंकडा ५, आणि तीन वर्षांत शेंकडा १२ इतक्यांनाच तें व्यसन पुन्हां जडलें. निम्म्यांनीं घरीं आल्यावर हेरॉइन चाखून पाहिलें, तरी बहुतेक त्यांत पुन्हां गुरफटले नाहींत. बहुतेकांनीं उपचारहि घेतले नव्हते. अनेकांचा यावर विश्वास बसेना.

‘परिस्थिति पालटली, व्यसन गेलें’ असा सोपा अर्थ पुष्कळांनीं लावला. रॉबिन्सबाई मात्र सावध होत्या. १९९३ सालीं त्यांनीं असें मांडलें कीं, उपचारासाठीं दारीं येणारे रोगी हे सर्व व्यसनी लोकांचे प्रतिनिधि नव्हेत. ज्यांचें आयुष्य अनेक बाजूंनीं अडलेलें असतें तेच बहुधा दवाखान्यांत येतात. नुसतें औषध सुटलें म्हणून त्यांचे प्रश्न सुटत नाहींत. डॉक्टरांना निराशा कां वाटे, याचें उत्तर यांतच आहे: जे आपोआप बरे झाले ते त्यांना दिसलेच नाहींत!

त्यांनीं सहकाऱ्यांसह तयार केलेली प्रश्नावली पुढें फार मोठ्या कामीं आली. डॉक्टर नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या माणसांनींहि ती विचारावी, अशी तिची रचना होती. तिच्या साह्यानें १९८० नंतर अमेरिकेंत पांच ठिकाणीं सुमारें २०,००० माणसांची पाहणी झाली. दारूखेरीज इतर मादक द्रव्यांच्या आहारीं गेलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिकांना दुसराहि एखादा मानसिक विकार जडलेला असतो, असें तींतून १९९० सालीं प्रसिद्ध झालें.

रॉबिन्सबाई २००९ सालीं निवर्तल्या. त्यांनीं व्यसन क्षुल्लक ठरविलें नाहीं, कीं व्यसनी माणसाला दोषमुक्तहि केलें नाहीं. ज्याच्या घरीं असा माणूस आहे, त्याच्या हातीं त्यांनीं दोन गोष्टी दिल्या: आशा ठेवण्यास आधार, आणि व्यसनामागील दुःखाकडे पाहण्याची सूचना.